हलत होते ते यंत्र

“आमच्या निजामपुऱ्याच्या घरात साधं वॉशिंग मशीन टिकलं नाही. मशीन लावलं की घरच हलायचं! शेवटी म्हटलं, जीव महत्त्वाचा, आणि इकडे आलो.”

हे विधान माझ्या मुलाचे, विलासचे आहे. पाहुणे येतात, चहा होतो, खिडकीतून मानकोलीच्या नाक्यावर अडकलेली ट्रकांची रांग दाखवून होते, आणि मग हे विधान येते. तो ते हसत हसत करतो. पाहुणेही हसतात. सून स्नेहल रिकाम्या कपबशा गोळा करता करता मान हलवते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत असतो. एखादा पाहुणा भिडेखातर माझ्याकडे वळून विचारतो, “खरं का हो काका?” मी उत्तर द्यायला घसा साफ करतो, तोवर विषय लिफ्टवर गेलेला असतो.

हसण्यावारी नेलेली गोष्ट खोडून काढणे फार कठीण असते, हे मला या वयात कळले. गंभीर आरोपाला गंभीर उत्तर देता येते. विनोदाला उत्तर देणारा माणूस मात्र चिडका म्हातारा ठरतो. ठरू द्या. माझ्या घराविषयी बोलले गेले आहे, आणि त्या बोलण्यावर आता एक निर्णय उभा राहू पाहतो आहे. निजामपुऱ्याचे घर पाडून तिथे इमारत उठवायची, असा प्रस्ताव आहे. घर माझ्या नावावर असल्याने माझी संमती लागते. दसऱ्याच्या आत ती द्यावी, असा विलासचा आग्रह आहे. आणि पाडण्याचे कारण काय, तर घर ‘मोडकळीला आले’. कशावरून आले? मशीन लावले की हलायचे, यावरून!

श्रावण संपत आला आहे. सातव्या मजल्यावरच्या या सदनिकेत दुसरे काही कळो न कळो, ओल्या कपड्यांच्या वासावरून महिना कळतो. गॅलरीत दोरी बांधायला सोसायटीची मनाई आहे, म्हणून घडीचा स्टँड दिवाणखान्यात पंख्याखाली उघडून ठेवलेला असतो. त्यावर विलासचे शर्ट, नातीचे शाळेचे कपडे, माझी धोतरे. सगळे अर्धवट वाळलेले, ना धड ओले ना धड कोरडे. तो आंबूस, साबणाचा, किंचित कुबट वास नाकात गेला, की मी इथे राहत नाही. मी त्या पावसाळ्यात असतो, ज्या पावसाळ्यात ते यंत्र आमच्या घरी आले.

ते घर मी बांधले. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर राहायची जागा. राहनाळची शेती वडिलांनी कसली. मी खाडीकाठची जमीन सोडून गावात आलो आणि कापडाच्या धंद्यात पडलो. पायासाठी खणताना मी स्वतः खड्ड्यात उतरून काळा दगड लागल्याची खात्री केली होती. गवंडी म्हणाला होता, “शेठ, एवढा खोल कशाला?” मी म्हटले, “वर माणसं झोपणार आहेत आणि खाली लूम चालणार आहेत. म्हणून.” ज्यांनी लूम चालताना ऐकलेला नाही, त्यांना सांगतो. तो आवाज नव्हेच. तो ठोका आहे. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी आपटते, आणि तो ठोका जमिनीतून तळपायात चढतो. असे कित्येक ठोके एकमेकांत मिसळून दिवसरात्र चालले, म्हणजे त्याचा एक गजर होतो. त्या गजरावर विलास पाळण्यात झोपला. शुक्रवारी कारखाना बंद असे, तेव्हा तो रडायचा. शांततेने त्याची झोप मोडायची! हेच ते घर, जे आता म्हणे कपडे धुण्याच्या एका डब्याने हलले.

आणि यंत्र आले तेव्हा तर लूमही थांबले होते. धंदा बसला, लूम भंगारात गेले, खालची जागा सुताची बाचकी ठेवायला भाड्याने दिली. बाचकी हलत नाहीत. घर त्या काळी जितके स्तब्ध होते, तितके ते जन्मापासून कधीच नव्हते. खाली यंत्रे थांबली आणि वर यंत्र आले.

विलास राहनाळच्या एका गोदामात कामाला आहे. घरगुती वस्तू तिथे येतात, थप्पीला लागतात आणि गाडीत भरून पुढे जातात. त्याचे मुख्य काम गाड्या भरून घेण्याचे. तिथूनच त्याने हे समोरून दार असलेले यंत्र घेतले. भर पावसात, ताडपत्रीखाली, टेंपोतून ते गल्लीच्या तोंडापर्यंत आले. पुढे गल्लीत टेंपो शिरेना, म्हणून चौघांनी खांद्यावर घेतले. जिन्यात ते कलले तेव्हा मी म्हटले, “जपून. कंपनीचा माणूस कधी येणार जोडायला?”

“तो आठवड्यानं येईल, आबा. कशाला थांबायचं? रोज माझ्या हाताखालून जातात ही मशीनं.”

हाताखालून खोकी जातात. खोके ओळखणे निराळे आणि खोक्यातली वस्तू ओळखणे निराळे. हे मी तेव्हाही म्हणालो होतो. विलासला ते आठवत नाही.

मोरीशेजारच्या पडवीत त्याची स्थापना झाली. माझी पत्नी इंदू हिने त्याला हळदकुंकू लावले. नारळ फोडायचा की नाही यावर थोडा वाद झाला. लूमला आम्ही दसऱ्याला फोडत असू, मग याला का नको? शेवटी फोडला. कपडे घातले, पावडर घातली, बटण दाबले. काचेच्या गोल दारामागे धोतर आणि परकर एकमेकांना मिठ्या मारू लागले, आणि आम्ही सगळे खुर्च्या टाकून ते पाहत बसलो. तो अर्धा तास त्या घरातला शेवटचा एकमताचा अर्धा तास होता.

मग पिळण्याचा फेरा सुरू झाला.

आधी यंत्र गुरगुरले. मग थरथरले. मग त्याने एक पाऊल टाकले. मी ‘पाऊल’ हा शब्द जपून वापरतो आहे. त्याची एक बाजू उचलली गेली, पुढे टेकली, मग दुसरी उचलली गेली. पाण्याची नळी ताणली, वायर ताणली, आणि ते पडवीतून स्वयंपाकघराच्या दिशेने निघाले. स्नेहल ओरडली. विलासने त्याला मिठी मारली आणि तोही त्याच्याबरोबर थरथरू लागला. गल्लीपलीकडच्या खिडकीतून शफीकभाई हे सगळे पाहत होते. त्यांचे लूम अजून चालू आहेत. ते ओरडले, “पाटीलसेठ, रोको रोको! नयी दुल्हन मायके चली!”

मग ते स्वतःच आले. यंत्राभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिले, आणि निदान केले, “ढीला है. कस दो.”

आता इथे एक गोष्ट मला नीट मांडली पाहिजे, कारण विलास ती पाहुण्यांना कधीच सांगत नाही. अशा यंत्राच्या पोटात एक पिंप असते. ते स्प्रिंगांवर झुलते ठेवलेले असते, म्हणजे धक्के पोटातल्या पोटात जिरतात. पण कारखान्यातून घरापर्यंतच्या प्रवासात ते झुलून आपटू नये, म्हणून मागच्या बाजूने जाड बोल्ट घालून ते जखडून पाठवतात. घरी आल्यावर पहिले काम ते बोल्ट काढण्याचे. काढले नाहीत, तर पिंप झुलू शकत नाही आणि त्याचा सगळा थयथयाट बाहेरच्या डब्याला येतो. कंपनीचा माणूस आला असता, तर त्याने ते काढले असते. त्याला येऊ दिले नाही. आमच्या घरात त्या बोल्टांकडे आम्ही ज्या नजरेने पाहिले, ती लूमवाल्यांची नजर होती. लूमच्या धंद्यात नियम एकच: जे खडखडते ते ढिले आहे, आणि जे ढिले आहे ते आवळायचे. पान्हा घेऊन विलासने आवळले. शफीकभाईंनी तपासून आणखी आवळले. मीही आवळले. त्याची मला लाज नाही. ज्या पान्ह्याने माझा कारखाना उभा राहिला, त्याच पान्ह्याने आवळले. जितके आवळावे तितके यंत्र अधिक चाले, आणि जितके चाले तितके आम्ही आवळू. तो सबंध पावसाळा आम्ही रोगाला औषध समजून पाजत होतो.

चालणे हा त्याचा एकच गुण असता, तरी निभले असते. निजामपुऱ्याच्या हवेत सुताची कापशी असते. पावसाळ्यात ती दमट होऊन बसते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. यंत्राच्या खालच्या जाळीत ती साचे आणि पाणी बाहेर जाईना. मग पालथे पडून, खाली परात लावून, ती जाळी उघडायची. परातीत काळे पाणी, कापशी, नाणे, सेफ्टी पिन आणि एकदा नातीचा दुधाचा दात. दाराच्या रबरात बुरशी. टँकरचे पाणी आले, की पिंपाला पांढरा थर. त्यावर वेगळी पावडर, ती घालून रिकामे यंत्र फिरवायचे. ज्याने आपल्याला धुवायचे, त्यालाच आपण धुवत होतो! वरची टाकी अर्धी असली, की धार बारीक आणि यंत्र तोंड उघडून वाट पाहत बसे. इंदू मग तांब्यातांब्याने पावडरीच्या खणातून पाणी ओती. मी विचारले, “हे यंत्र तुझ्यासाठी आहे, की तू यंत्रासाठी?”

ती म्हणाली, “दगडावर धुतली तवा कवा आलात का इचारायला?”

हे उत्तर मी मुद्दाम नोंदवतो. मी एकतर्फी लिहितो, असे कोणी म्हणू नये.

एका मंगळवारी तिच्या माहेरी, राहनाळला, भाचीची मंगळागौर होती. इंदूची निळ्या काठाची साडी यंत्रात होती, नुसती खळबळून घ्यायला घातलेली, आणि वीज गेली. वीज गेली की त्या यंत्राचे दार उघडत नाही. साडी काचेमागे दिसत होती. इंदू डोक्यात गजरा माळून यंत्रापुढे उभी होती. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ती आधी विनवणीच्या सुरात बोलली, मग बोट दाखवून बोलली. “अरं, माझा लुगडा हाय त्यान! तुला नेसायचा हाय का?” शेवटी ती दुसरी साडी नेसून गेली. वीज संध्याकाळी आली, आणि यंत्राने गुमान दार उघडले, जणू काही घडलेच नव्हते. त्या रात्री जेवताना ती हसली नाही. त्या घरावर तिने नाराजी दाखवल्याचे मला आठवते ते तेवढेच. आणि तीही घरावर नव्हती, विजेवर होती.

याच दिवसांत एका बिल्डरचा माणूस आला. गल्लीतली दोनतीन घरे त्याने घेतली होती. विलासने त्याला वर बसवले, स्नेहलने चहा केला, आणि नेमका त्याच वेळी पडवीत पिळण्याचा फेरा लागला. टीपॉयवरच्या कपात चहावर बारीक वर्तुळे उमटली. त्या माणसाने वर्तुळांकडे पाहिले, मग उठून भिंतीला तळहात लावला. डॉक्टर ताप पाहतो, तसा.

“काका, घर हलतंय तुमचं.”

मी म्हटले, “यंत्र थांबू द्या. मग लावा हात.”

यंत्र थांबेपर्यंत त्याने हात काढला होता आणि चहा उचलला होता. थांबल्यावर तो पुन्हा काही उठला नाही. ज्याला उत्तर मिळालेले असते, तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाही. पण विलासच्या तोंडी ते वाक्य त्या दिवशी जे बसले, ते आजपर्यंत उतरलेले नाही. जिन्याच्या भिंतीला एक तडा होता, तोही मग साक्षीला आला. तो तडा गिलाव्याचा आहे. विलास शाळेत होता तेव्हापासून तो आहे, आणि त्याने त्यात पेन्सिलीने नदी आणि दोन्ही तीरांवर झाडे काढलेली आहेत. झाडे अजून आहेत. तडा त्यांच्यापुढे एक बोटभरही सरकलेला नाही.

पावसाळा संपता संपता आम्ही इथे आलो. ‘आलो’ म्हणजे आणले गेलो.

मी हट्टी आहे असे म्हणतात, म्हणून स्पष्ट करतो. इथे येण्याला माझी हरकत नव्हती. इंदूचे गुडघे मी पाहिले आहेत. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ती एक हात भिंतीला आणि एक हात मांडीला लावून थांबे, आणि मी खालून विचारले की म्हणे, “काय न्हाय, जरा दम घेतंय.” इथे लिफ्ट आहे. ती सकाळी एकटी खाली जाते, बाकावर बसते, राहनाळकडच्या बायका तिला भेटल्या आहेत. विलासला कामाचे ठिकाण जवळ पडते. ही कारणे खरी आहेत, आणि खऱ्या कारणापुढे मी मान तुकवतो. एकदा मी इंदूला विचारले, “तुला घर सोडताना वाईट नाही वाटलं?” ती गवार निवडत होती. म्हणाली, “घर चांगला होता. माझं गुडघं चांगलं नव्हतं. दोन्ही खरी हाय.” या घरात माझ्याशी न भांडता माझी बाजू घेणारी ती एकटीच.

मागच्या रविवारी पुन्हा पाहुणे आले, पुन्हा ते विधान झाले, पुन्हा हशा झाला. पाहुणे गेल्यावर मी विलासला थांबवले.

“घर हलत नव्हतं, विलास.”

“आबा, झालं ते झालं. बोल्ट राहिले होते, मान्य. माझी चूक, बस्स? पण घरही हलायचंच. त्या माणसानं हात लावून बघितलं होतं.”

“त्या माणसाला ते हलायला हवं होतं.”

“आणि तुम्हाला हलायला नको होतं!” तो हसला. मग माझा चेहरा पाहून शेजारी बसला. “आबा, काय फरक पडतो आता? जुनं घर ते जुनंच. पडणारच कधीतरी.”

“मग असं कर,” मी म्हटले. “पुढच्या वेळी याच पाहुण्यांना सांग, की आईचे गुडघे दुखत होते म्हणून आलो, मला कामावर जायला सोपं म्हणून आलो. घर भक्कम होतं, तरी सोडलं. एवढं एकदा चारचौघांत बोल. मी त्याच दिवशी सही करतो.”

त्याने स्टँडकडे पाहिले. पंख्याखाली शर्ट हलत होते. मग तो म्हणाला, “भक्कम होतं असं म्हटलं, तर लोक विचारतील ना, मग पाडता कशाला?”

हे ऐकून मला जो संताप आला, तो मी गिळला. कारण तो प्रश्न योग्य होता, आणि तो मलाही पडतो. पण त्या प्रश्नाचे उत्तर टाळण्यासाठी माझ्या घराला दुबळे ठरवावे, हे मला मंजूर नाही. माणूस म्हातारा झाला की त्याच्या प्रत्येक वस्तूला म्हातारपण चिकटवले जाते. त्याचा चष्मा जुना, त्याची मते जुनी, त्याचे घर डळमळीत. त्याने बांधलेला पायाही मग त्याच्या गुडघ्यांसारखा मोजला जातो. पाडायचे असेल तर पाडा. पण धडधाकट घर पाडतो आहोत, हे माहीत असून पाडा. फाशी द्यायची तर द्या. आधी आजारी होता म्हणून सांगू नका.

विलास म्हणतो, पुरावा काय? शफीकभाईंची साक्ष चालत नाही. ते माझे मित्र. लूमची गोष्ट चालत नाही, ती जुनी. पेन्सिलीची झाडे चालत नाहीत, ती पोरवयातली. ठीक आहे. ते सगळे मी मागे घेतो आणि एकच गोष्ट पुढे ठेवतो. ते बोल्ट निजामपुऱ्यात निघालेच नव्हते. आवळलेल्या बोल्टांसकट ते यंत्र या नव्या इमारतीत आणले गेले, सातव्या मजल्यावर, बिल्डरने स्वतः बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर ठेवले गेले, आणि इथल्या पहिल्याच धुण्यात ते बाथरूमच्या कोपऱ्यातून चालत निघून दाराला आतून आडवे लागले. इंदू आत अडकली होती, आणि तिला बाहेर काढायला त्या दाराला ज्याने खांदा लावला, तो विलास होता.